हरवलेल्या किल्लीचं नाणं

माझे दाजी किल्ल्या बनवतात आणि फुशारक्या मारतात. दुसरा धंदा जास्त जोरात चालतो. पण एका बाबतीत माणूस पक्का: गिऱ्हाइकाच्या किल्लीची जास्तीची नक्कल स्वतःकडे कधीच ठेवत नाहीत. त्या एका भरवशावर सगळी गल्ली आपलं घरदार त्यांच्या हाती देते.

त्यांच्या दुकानात एका कोपऱ्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं टेबल आहे. डिजिटल नाण्यांच्या सुरुवातीच्या दिवसांतले किस्से मीच त्यांना सांगितले, ही माझी चूक. कुणी हजारो नाणी मोजून पिझ्झा खाल्ला, कुणी नाण्यांनी भरलेली हार्ड डिस्क कचऱ्यात फेकली आणि मग कचऱ्याचा डोंगर उपसायला निघाला. दाजी इतके हसले की हातातली कानस पडली.

"आपणही काढू एक नाणं! नाव ‘हरवली किल्ली’. निम्मी नाणी कुलपात घालायची आणि किल्ली मुद्दाम हरवायची."

निव्वळ थट्टा होती. मी नाणं काढून दिलं. निम्म्या नाण्यांच्या तिजोरीची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते दाजींच्या फोनवर आले तसं त्यांनी मला हाकललं, घरी जाऊन ते पितळी पट्टीवर कोरले आणि फोन कोरा केला. मग कॅमेऱ्यासमोर पट्टी उलटी धरून तिचा घासून भुगा केला. म्हणाले, "मी नक्कल ठेवत नाही."

लोकांनी तो व्हिडिओ डोक्यावर घेतला. उरलेली निम्मी नाणी आम्ही फुकट वाटली होती, त्यांचा भाव चढू लागला. ‘हा गुपचूप विकून पळणार’ असं कुणी लिहिलं की दाजी छाती ठोकून उत्तर द्यायचे.

एके दिवशी जेवताना ताई सहज म्हणाली, "रिव्हर, बटर, लॅडर..."

दाजींचा घास हातातच राहिला. कोरताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायची त्यांची खोड, आणि ताई शेजारीच भांडी घासत होती. तिला तर नात्यातल्या सगळ्यांचे फोन नंबर तोंडपाठ. त्या दिवसापासून दाजी कुरकुरले की ताई खिडकीशी जाऊन "रिव्हर..." म्हणायची, आणि दाजी मुकाट्याने झाडू घ्यायचे. मला तर रोजची करमणूक झाली.

मग भाव एवढा चढला की कुलपातल्या नाण्यांत चार खोल्यांचं घर आलं असतं. ताई-दाजी तर मुलांसकट दीड खोलीत राहतात.

"दाजी, विचारा ना तिला!" मी म्हणालो.

"तिला ठाऊक आहे म्हणजे मी नक्कल ठेवली," ते म्हणाले. "उद्या कुणाला तोंड दाखवू?" दोन दिवस त्यांना अन्न गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईसमोर बसून म्हणाले, "विसरशील का?"

ताईने खूप आठवल्यासारखं केलं. "अहो, आठवा शब्द सकाळपासून आठवतच नाही. गेला बहुतेक."

दाजी पोटभर जेवले, वर पुन्हा वाढून घेतलं. मी ताईला बाजूला गाठलं. "खरंच गेला?"

"जेवले ना नीट? मग गेला."

तिचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला, की पाया पडावं का भांडावं, कळेना. शेवटी भांडलोच.