दुसऱ्या जगातली मी

मध्य प्रदेशात, बालाघाटला आमच्या वॉर्डातल्या विहारात रविवारची वंदना झाली की कुणीतरी काहीतरी वाचून दाखवायचं, असा रिवाज होता. बहुतेक वेळा ते धम्माबद्दलच असायचं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि डोक्यात वारं भरलं होतं, म्हणून मी एका हिंदी मासिकातला लेख निवडला. आपल्या विश्वासारखी आणखी कितीतरी विश्वं असू शकतात म्हणे, आणि एखाद्यात आपल्यासारखीच माणसं वेगळं आयुष्य जगत असतील. हे मी फळ्यावर गोळे काढून मराठीत समजावलं. हे नुसतं गणित आहे, कुणी पाहिलेलं नाही, हेही सांगितलं. ते कुणाच्या कानात शिरलं नाही.

समितीचे अध्यक्ष उठले. आम्ही त्यांना दादाजी म्हणायचो. धम्म घेतला त्या वर्षी घराघरांतले देव गोळा करून वैनगंगेत सोडणारे ते हेच. खाणीत दगड फोडणाऱ्या माझ्या बाबांना अक्षरओळखही त्यांनीच करून दिली होती.

"हा परलोकच हाय," ते म्हणाले. "आमी त्याले पाण्यात बुडवलं, अन् हे पोरगी कॉलेजातून पुन्हा घेऊन येऊन राह्यली."

मला आधी हसू आलं. विश्व कुठे, स्वर्ग कुठे! पण त्याच संध्याकाळी दादाजींनी बाबांना बजावलं की पोरीचं कॉलेज बंद करा, तिरोडीच्या मुलाचं स्थळ आलंच आहे, उरकून टाका. बाबा त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. माझं हसू जागच्या जागी विरलं.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा जवळ येऊन बसले. माझी समजूत कशी काढावी हे त्यांना सुचत नव्हतं, आणि सुचलं ते माझंच बोलणं.

"तूच सांगतलं ना," ते हळूच म्हणाले, "दुसऱ्या जगात तू शिकूनच राह्यली असशीन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि तेव्हाच कळलं, दादाजी विज्ञानात चुकले होते, पण त्यांची भीती खरी होती. इथलं हिसकावून घ्यायचं आणि तिथलं दाखवायचं, हे आमच्या लोकांशी पिढ्यान्‌पिढ्या झालं होतं. आता माझाच लेख पुढे करून माझ्या घरात तेच चाललं होतं.

पुढच्या रविवारी वंदना संपली आणि कुणी न बोलावता मी उभी राहिले. आईनं माझा पदर खाली ओढला, मी तो सोडवून घेतला. आवाज खणखणीत निघाला.

"दादाजी, एकच जनम हाय, हे तुमीच शिकवलं. तिथली शिकत असन तं शिको, मले तिचं काय? मले इथं शिकाचं हाय. माझा हा एकच जनम तुमी काहून घेऊन राह्यले?"

दादाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. माफी मागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, मलाही ती नकोच होती. ते बाबांकडे वळले आणि तिरोडीला नाही म्हणून कळवायला सांगून घरी गेले.

सोमवारी सकाळी मी प्रॅक्टिकलला उभी होते, याच बालाघाटात.