जोड दिसता कामा नये

तुमच्या आत्याआजींना या जगात एकाच गोष्टीचा राग येतो, आणि ती म्हणजे दिसणारा जोड. उशिरा येणारा दूधवाला, थापा मारणारी माणसं, द्वारकेच्या चौकात अडकून पडलेली रिक्षा, हे सगळं त्या हसत सहन करतात. पण दोन तुकडे जिथे एकत्र आले तिथे रेघ दिसली, की त्यांच्या कपाळाला आठी पडते. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, त्याचा हा परिणाम असावा, असं मी बरीच वर्षं समजत होते. तुमचे आजोबा, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, मात्र सांगायचे की ही खोड जन्माची आहे. लहानपणी पुरणपोळीची कड जरा फाटलेली दिसली तरी ही ताट पुढे सरकवायची, आणि ती पोळी मग त्यांना खावी लागायची. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

मागे गंगापूर रोडला ओळखीच्यांकडे वास्तुशांत होती. सगळ्या बायका स्वयंपाकघरातले कप्पे उघडून बघत होत्या आणि आमच्या वन्सं, म्हणजे तुमच्या आत्याआजी, हॉलमध्ये, जरीची साडी नेसून, फरशीला गाल टेकवून बसलेल्या. घरच्या सूनबाईंना वाटलं, यांना चक्कर आली. त्या पाणी घेऊन धावल्या. वन्सं उठल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "फरशी देखणी आहे हो. फक्त सोफ्याखाली जोड बोलतोय." त्यानंतर त्या घरी आम्हाला बोलावणं आलेलं नाही.

हे सगळं लिहायचं कारण म्हणजे, इरा, तू मला फोनवर विचारलंस की माझ्या पत्रांच्या मागे कधी द्राक्षाची पानं, कधी मोड आलेली मटकी, कधी बांगड्यांचा ढीग असं काहीबाही का असतं. ते सगळे कागद आत्याआजींनी केलेले. मी पत्र कॉम्प्युटरवर टाइप करते, त्यांचा कागद अक्षरांच्या मागे लावते आणि तुम्हाला ईमेलने पाठवते. निवृत्त झाल्यावर लोक भिशी लावतात, बागेत चालायला जातात. वन्संनी लॅपटॉप घेतला, व्हिडिओ बघून बघून चित्रांवर काम करायचं एक सॉफ्टवेअर शिकल्या, आणि तेव्हापासून दिसेल त्या वस्तूचा न संपणारा कागद करण्याच्या मागे लागल्या.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं, आणि कुठलीही गोष्ट पहिल्यापासून क्रमाने समजली नाही तर मला झोप लागत नाही. म्हणून मी विचारलं, की फोटो तर एवढासा चौकोन, मग तो लांबच लांब कागदभर पसरतो कसा? त्यांनी ओट्यावरचा माझा फुलाफुलांचा नवा नॅपकिन उचलला आणि कात्रीने त्याचे चार सारखे चौकोन केले. मी काही बोलेपर्यंत चौथा तुकडा पडलासुद्धा. मग त्यांनी वरचे खाली, खालचे वर, डावे उजवीकडे अशी तुकड्यांची तिरपी अदलाबदल केली. "आता बाहेरच्या कडा बघा, वहिनी. या मघाशी कापडाच्या पोटात एकमेकींना चिकटून होत्या. त्यामुळे असे कितीही नॅपकिन शेजारी शेजारी ठेवा, कडा जुळणारच. जी जुळत नाही ती आता मधोमध आली, ही बघा, फुलीसारखी. म्हणजे बाहेरचं भांडण घरात आणलं. आता ते बसून मिटवायचं."

हे मिटवणं मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून कितीदा पाहिलंय. सॉफ्टवेअरमध्ये रबरी शिक्क्याचं चित्र असलेलं एक हत्यार असतं. त्याने आसपासचं थोडं पान, थोडी सावली उचलायची आणि फुलीवर हलकेच दाबायची. वन्सं जीभ दातांत धरून, सुईत दोरा ओवावा तसा माऊस धरतात. दाबतात, मागे सरून बघतात, पुसतात, पुन्हा दाबतात. एक वेळ अशी येते की फुली होती कुठे हेच सापडत नाही. तेवढ्या क्षणापुरता त्यांचा चेहरा तुमच्या बाबांच्या लहानपणच्या फोटोसारखा होतो.

फोटोंसाठी मात्र त्या माणसांचा अंत बघतात. त्यांच्याबरोबर मिसळ खायला जाणं म्हणजे थंड मिसळ खायला जाणं. एकदा त्या वाटीवर इतका वेळ फोन धरून उभ्या राहिल्या, की वाढणाऱ्याने घाबरून विचारलं, "ताई, काही निघालं का त्यात?" "नाही हो, तुम्ही जरा मागे सरका, सावली पडते." वणीला गेलो तेव्हा सगळे वर गडाकडे बघत हात जोडत होते आणि या वाटेतल्या एका दगडावरचं शेवाळ टिपायला उकिडव्या बसल्या होत्या. मागून येणारं एक कुटुंब थांबलं. त्यातल्या बाईंनी "काय पडलं वो मावशी, कानातलं का?" म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सगळेच शोधायला खाली बसले. आजोबा, सुना, पोरंसोरं, सगळे. वन्संना इतका संकोच वाटला की त्याही थोडा वेळ शोधत राहिल्या. शेवटी त्यांनी फोनमधला फोटो दाखवला. त्या कुटुंबातल्या आजोबांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "लय भारी हे. पण हा दगुडच हे ना?"

त्यांचा एक नियम आहे, आणि तो त्या देवघरातल्या नियमासारखा पाळतात. चौकोनात एकही खूण ठेवायची नाही. पानाला पडलेलं भोक, वेगळ्या रंगाची एखादी बांगडी, जिथे डोळा जाईल ते सगळं काढून टाकायचं. कारण तोच चौकोन कागदभर पुन्हा पुन्हा येतो, आणि एक खूण दिसली की तीच ओळीने सगळीकडे दिसायला लागते. हा नियम त्यांच्या हातून एकदाच मोडला. मटकीच्या कागदात मिरचीचं एक लाल साल चिकटलेला दाणा राहून गेला होता. निहार, तेव्हा तुला पत्र वाचता येत नव्हतं, इरा वाचून दाखवत होती, आणि तू मध्येच म्हणालास की हा टोपीवाला दाणा सारखा सारखा का येतोय. मी ते वन्संना सांगितलं. दोन दिवस त्या स्वतःवर चिडून होत्या. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाल्या, "पण त्याने पाहिलं, वहिनी. कागदाकडे कोण बघतं? त्याने पाहिलं."

त्या समोरच्या इमारतीत एकट्या राहतात, हे तुम्हाला माहीतच आहे. त्यांचं लग्न झालं नाही, आणि तुमच्याशी बोलताना त्यांना काय बोलावं ते सुचत नाही. फोनवर "जेवलात का?" एवढंच विचारतात आणि फोन माझ्या हातात देतात. मग पत्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी येतात, चहा घेतात आणि चहाच्या कपात बघत विचारतात, "कागदाबद्दल काही म्हणाली का पोरं?" हे त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही.

मागच्या रविवारी, इरा, तू म्हणालीस, "आजी, पुढचं पत्र प्लेन पाठव ना. मागच्या डिझाइनमुळे अक्षरं वाचताना डोळे दुखतात." तुझं काही चुकलं नाही. मलासुद्धा मटकीवरची वेलांटी सापडत नसे. पण फोनचा आवाज मोठा होता, आणि आत्याआजी तुला दिसत नव्हत्या तरी माझ्यासमोरच बसून वाल सोलत होत्या. त्यांनी सोलायचं थांबवलं नाही. वाल संपल्यावर टरफलं गोळा केली, हात धुतले आणि म्हणाल्या, "बरोबर आहे तिचं. वाचायच्या मध्ये कागदाने येऊ नये." आणि घरी गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. मी गॅलरीतून बघायची. त्यांच्या खिडकीतला लॅपटॉप मिटलेला आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवलेलं. तिसऱ्या प्रहरी चहाला हाक मारली तर म्हणाल्या, घशाशी येतंय. मला वाटलं, संपलं हे. आता या बाई दिवसभर करतील काय, आणि तुमच्याशी बोलतील कशाने?

मग बुधवारी सकाळी त्या दारात उभ्या. "वहिनी, तुमचा तो पांढरा टेबलक्लॉथ द्या. खालच्या कप्प्यातला." मी विचारलं, कुठला? "माहीत आहे तुम्हाला कुठला."

माहीत होतं. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा निहारने ज्यावर आमरसाची वाटी उपडी केली, तो. मी तो भिजवला, उन्हात घातला, लिंबू लावून पाहिलं. फिकट पिवळा डाग काही गेला नाही. डागाळलेलं कापड मी घरात ठेवत नाही. ते का ठेवलं ते विचारू नका.

शनिवारी त्यांनी कागद आणला. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो कोराच वाटला. मग चष्मा पुसून, स्क्रीन जरा तिरपी करून पाहिलं. सुताची वीण होती, उभी आडवी, श्वासाइतकी हलकी. जोड कुठेच नाही, आणि अक्षरं त्यावर स्वच्छ उभी राहत होती. मी खाली खाली जात पाहत होते, आणि थांबले.

"वन्सं, डाग राहिलाय."

"दिसतो?"

"मला दिसतो."

"तुम्हाला दिसणारच, तुम्ही चार वेळा धुतलाय. वाचणाऱ्याच्या मध्ये येतो का, तेवढं सांगा."

मी पुन्हा पाहिलं. नाही म्हणाले.

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "तेवढा एक असू दे." आणि शिक्क्याचं ते हत्यार त्यांनी स्वतःच बंद केलं.

तर हे पत्र तुम्हाला कोरं दिसेल. इरा, तुझे डोळे दुखणार नाहीत. आज त्या येऊन बसल्या आहेत, चहा निवत चाललाय, आणि मी काय लिहिते आहे ते न विचारता खिडकीबाहेर बघताहेत. उद्याही त्या नेहमीचा प्रश्न विचारणार नाहीत, असं मला वाटतं. निहार, हा कागद नीट बघ, सावकाश. काही सापडलं तर मला सांगू नकोस. त्यांना फोन कर.