ला ग्वाइमाराची एकेचाळीस घरं

डेल्फिना बारागानचा फोटो स्टुडिओ आणि माझं शिवणाचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती. वीस वर्षं तिने ओळखपत्रांचे आणि मुलांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे फोटो काढले. बोलायची कमी. गिऱ्हाइकाची हनुवटी धरून त्याला सरळ बसवायची, बस्स.

ला ग्वाइमारा हे डोंगरातलं तंबाखूचं गाव. बंदूकवाल्यांनी एका सकाळी तिथे शाळेच्या पटांगणात चौदा माणसं रांगेत उभी करून मारली. उरलेलं गाव अंगावरच्या कपड्यांनिशी आमच्या पायथ्याच्या सांता रुफिना गावात उतरलं. नऊ वर्षं परत कुणी गेलं नाही. तेलेस्फोरो म्हाताऱ्याचे दोन्ही मुलगे त्या रांगेत होते. एक दिवस तो स्टुडिओत येऊन म्हणाला, "पोरी, माझ्याच्यानं आता चढण होत नाही. तू जाऊन माझ्या घराचा एक फोटो आण."

ती भाड्याच्या मोटरसायकलवाल्यामागे बसून गेली. छपरातून पपईचं झाड वर आलं होतं आणि भिंतीला गोळ्यांची भोकं होती. म्हातारा तो फोटो घेऊन तासभर बाकावर बसून राहिला. मग गावातले बाकीचेही येऊ लागले. वर्षभरात तिने एकेचाळीस ओसाड घरं टिपली आणि प्रत्येक फोटोमागे घरमालकाचं नाव लिहिलं.

याच सुमारास लोकांनी जमिनी परत मागायला सुरुवात केली. बडा जमीनदार डॉन आन्सेल्मो याची गुरं तिथे केव्हाचीच चरत होती. तिथे कधी कुणी राहतच नव्हतं, असं त्याचं कोर्टात म्हणणं होतं.

मार्चमध्ये डेल्फिना वर गेली तेव्हा त्याचा ट्रॅक्टर चालू होता. घराच्या खांबाला साखळी बांधून माणसं घर ओढून पाडत होती. तिने सहा फोटो काढले. तेवढ्यात मुकादम विल्मरने तिला पाहिलं. मोटरसायकलवाला पळाला. डेल्फिनाने पाठ फिरवून कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि गालात धरलं.

कुणी पाठवलं, असं विल्मर विचारत राहिला. तिला तोंड उघडता येत नव्हतं. त्याने कोयत्याची सपाट बाजू तिच्या तोंडावर हाणली. ती पडली. त्याने कॅमेरा ट्रॅक्टरच्या चाकाखाली टाकायला लावला, तिचा उजवा हात दगडावर दाबून धरला आणि कोयत्याच्या मुठीने एकेक बोट ठेचलं. "आता काढा फोटो, डोन्या," बाईंना मानाने हाक मारावी तसा तो म्हणाला. माणसं हसली.

दोन तास चालत ती खाली आली. मी एका मुलीचा कम्युनियनचा पांढरा झगा शिवत होते. डेल्फिना आत आली ती थेट त्याच्यावरच कोसळली आणि माझ्या ओंजळीत थुंकली. रक्त, दोन दात आणि ते कार्ड.

"धुऊ नकोस," ती कशीबशी बोलली. "नुसतं पूस."

आठ दिवसांनी भर दुपारी त्यांनी तिचा स्टुडिओ जाळला. माझी भिंत तडकली, कापड धुराने गेलं. पण फोटो घरोघरी वाटलेले होते आणि कार्डाची प्रत वकिलाकडे पोचली होती. ट्रॅक्टर, साखळी आणि अर्धं पडलेलं घर न्यायाधीशांनी डोळ्यांनी पाहिलं. अकरा कुटुंबांना जमीन मिळाली, बाकीच्यांना नाही. डॉन आन्सेल्मोच्या केसालाही धक्का लागला नाही. विल्मरला मात्र साक्षीला बोलावलं होतं. तो कोर्टात तोंड उघडण्याआधीच मालकाच्या माणसांनी त्याला बाजारात चार गोळ्या घातल्या.

डेल्फिनाची बोटं पुन्हा मिटली नाहीत. ती माझ्याच दुकानात बसून डाव्या हाताने दुसरा कॅमेरा धरायला शिकली. सुरुवातीचे फोटो सगळे तिरके यायचे, तरी लोक घेऊन जायचे.

नंतर एका शनिवारी विल्मरची बायको यादिरा आली. मालकाने तिला घर सोडायला सांगितलं होतं, सोमवारी ते पाडणार होते. दारातच उभी राहून तिने विचारलं, "एक फोटो काढाल का, डोन्या?"

मला वाटलं, डेल्फिना दार लावून घेईल. पण ती कॅमेरा उचलून तिच्यामागे गेली. संध्याकाळी परत आल्यावर मी तिला विचारलं, का गेलीस गं?

"तिने काही केलं नव्हतं," ती म्हणाली. मग कॅमेरा खाली ठेवत म्हणाली, "पण उन्हात घरापुढे मी तिला फार वेळ उभं केलं. गरज नव्हती."