मोतीलालची फुंक

मोतीलाल शिंदखेड्याच्या बँड पार्टीत क्लॅरिनेट वाजवायचा. त्याने सूर धरला की नवरदेवाचे रुसलेले मामासुद्धा नाचायला उतरत. गेल्या उन्हाळ्यात वरातीत चालता चालता त्याला झोप लागली आणि तो जनरेटरच्या गाडीवर आदळला. लोक म्हणाले, प्यायलाय. तो दारूला शिवतही नव्हता.

खरं काय ते त्याच्या बायकोला, कोकिळाला, ठाऊक होतं. त्याचं घोरणं मध्येच तुटे, छाती उसळे, पण श्वास येत नसे. ती त्याला गदागदा हलवी. "तुमना श्वास थांबस ना, तवय मना बी जीव जास," ती म्हणे.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून सांगितलं, "झोपेत तुमचा घसा मिटतो, म्हणून दिवसा पेंग येते. रोज हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क लावून झोपायचं, म्हणजे घसा उघडा राहतो." मोतीलालने मास्क लावला की कोणी तोंडावर उशी दाबल्यासारखं व्हायचं. तो ओरबाडून फेकायचा.

मग तो जळगावला दाखवायला गेला. तिथले सर्जन म्हणाले, "मशीन झेपत नसेल तर टाळूचा मागचा मऊ भाग कापून वाट मोकळी करू. बऱ्याच जणांना फरक पडतो. खात्री मात्र देत नाही."

हे ऐकून धुळ्याच्या बाई कळवळून म्हणाल्या, "अहो, तुमचा घसा खाली जिभेमागेही मिटतो. वरचं कापून काय होणार? आणि वाजवताना फुंक नाकातून निसटायला लागली तर?"

त्याने जळगावला विचारलं. "तसं क्वचित होतं," सर्जन म्हणाले. "पण काहीच केलं नाही आणि झोपेत हृदय बंद पडलं तर?"

दोघंही तळमळीने बोलत होते. ऐकायचं कोणाचं? त्यातच बँडचा मालक हिलाल म्हणाला, "भाऊ, गर्दीमा पडशी. आते घरीच ऱ्हाय." त्या दिवशी मोतीलालने ठरवलं, कापायचं.

जखम भरेपर्यंत पेजसुद्धा उतरेना. पाणी प्यायलं की नाकातून यायचं. घोरणं मात्र थांबलं. कोकिळाने देवापुढे दिवा लावला. मग एका रात्री तिची नजर त्याच्या छातीवर गेली. छाती तशीच उसळत होती, फक्त आता आवाज नव्हता. तेव्हापासून ती रात्रभर त्याच्याकडे बघत जागू लागली.

मोतीलालने क्लॅरिनेट ओठांना लावलं. नुसता फुसफुस आवाज झाला. पुन्हा फुंकलं. सगळी हवा नाकातून निसटली. "बठ्ठी फुंक नाकमाईन जाई ऱ्हायनी व," म्हणत तो ओट्यावर बसला आणि हमसून हमसून रडला.

नवी तपासणी झाली. आजार बराचसा तसाच होता. आता दुसरा मार्ग नव्हता. तो मास्कखाली गुदमरत, घाम पुसत निजायला शिकला. हळूहळू दिवसाची गुंगी उतरली.

लग्नसराईत हिलालने त्याला परत घेतलं. वरातीच्या शेवटच्या ओळीत तो आता खुळखुळा हलवतो. पूर्ण जागा असतो. पुढच्या ओळीत दुसऱ्याचं क्लॅरिनेट सुरू झालं की खाली बघून चालतो.