निरवांगीतलं भोसरीचं बिऱ्हाड

दूध विकत घ्यायचं असतं, हे चंद्राबाईला लग्नानंतरही कितीतरी वर्षं खरं वाटलं नव्हतं. माहेरी मेंढरं, सासरी मेंढरं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि कळपामागं चालत कोकणाकडं उतरायचं. रात्री ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्यानं खताच्या बदल्यात दाणे द्यायचे, की झाला संसार. तिचा अविराज अशाच एका वाटेवर, घाटाखाली आंब्याच्या सावलीत जन्मला. आठवडाभरानं ती त्याला पाठीशी बांधून पुन्हा चालायला लागली होती.

पोरगा शाळेच्या वयाचा झाला तेव्हा तिचा नवरा आबाजी म्हणाला, "आता पुरं झालं फिरनं." कळप विकला. निरवांगीला नीरेकाठी अडीच एकर होतं, त्यात दोघं राबू लागली. बाजरी, वांगी, मेथी. दारात एक म्हैस, चार शेळ्या. आठवड्याला एस.टी.नं इंदापूरच्या बाजारात भाजीची पाटी घेऊन जायचं आणि मीठ, तेल, साखर, चहापत्ती घेऊन यायचं. एवढाच काय तो तिचा पैशाशी संबंध.

अविराज बारामतीला आयटीआय शिकला. गळीत हंगामात माळेगावच्या साखर कारखान्यात कामाला जायचा, हंगाम संपला की घरी. सणसरच्या सुकन्येशी लग्न झालं, सृष्टी झाली. पोर तीन वर्षांची असताना, पंच्याण्णव साली, त्याला पुण्याजवळ भोसरीला एका कंपनीत काम मिळालं. बारमाही काम, पगार तीन हजार. आबाजीनं गावात पेढे वाटले.

दोन महिन्यांनी अविराज सुट्टीवर आला तो गालफडं बसलेला. ओट्यावर टेकला आणि चहाचा कप हातात धरूनच बोलू लागला.

"आई, पगार हितल्या दुप्पट हाय, पर खर्च तिप्पट हाय. खोलीला सातशे रुपयं. दूध तेरा रुपयं लिटर. टमाटं आठ रुपयं किलो. राकेल, दळन, समदं इकत. कोथमीर सुदीक इकत!"

"कोथमीर?" चंद्राबाईला हसू आलं. "ती तर वरनं देत्यात की."

"तितं न्हाय देत कोन वरनं." अविराज हसला नाही. "मी इचार केलाय. सुकन्या आन सृष्टी हितंच ऱ्हाऊ द्यात. आमी सहाजन एका खोलीत हाय, माझं भागतंय. दोन-चार वर्सं काढू अशीच."

आत सुकन्या भाकरी थापत होती. तिच्या हाताचा आवाज मधेच थांबला, आणि जरा वेळानं पुन्हा सुरू झाला. चंद्राबाईनं तो थांबलेला ऐकला. पण नातीनं हितंच राहायचं, सुनेनं हितंच राहायचं, हे तिच्या मनाला इतकं बरं वाटलं होतं की तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

अविराज परत गेला. दुसऱ्या दिवशी शेण भरता भरता सुकन्या म्हणाली, "आत्या, एक इचारू? एक महिना आपन हितंच भोसरीत ऱ्हायचं का?"

"म्हंजी गं काय?"

"म्हंजी मेंढरं इकल्यापास्नं लोकरीची खोली मोकळीच हाय. मी आन सृष्टी तितं ऱ्हातो. ह्यांनी सांगितलेल्या भावानं समदं तुमच्याकडनं इकत घ्यायचं. पगार म्हनून चिंचोकं घ्यायचं, दहा रुपयाला एक. सुट्ट्या रुपयाला मक्याचा दाना. महिना निभावला तर आमी भोसरीला जायचं. न्हाय निभावला तर मी पुन्यांदा जायचं नाव काढनार न्हाय."

चंद्राबाई पोट धरून हसली. तिला तो सगळा भातुकलीचा खेळ वाटला. पण सुकन्या हसत नव्हती, हे पाहून ती म्हणाली, "बरं बाई. कर तुझ्या मनासारखं."

एक तारखेला खेळ सुरू झाला. सुकन्येनं खोली सारवून घेतली, स्टोव्ह मांडला. चुलीला हात लावायचा नाही, कारण भोसरीत सरपण कुठलं? पाणी सकाळी अर्धा तास भरायचं, मग दिवसभर आडाकडं फिरकायचं नाही. आबाजी घरमालक झाला. पटका नीट बांधून तो खोलीच्या दारात उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "भाडं?" सुकन्येनं सत्तर चिंचोके मोजून त्याच्या धोतराच्या सोग्यात टाकले. अविराजच्या वाटणीचंही ती रांधायची आणि ते आबाजी जेवायचा, हिशेब खोटा पडू नये म्हणून. तो खुशीत होता. दोन्ही घरी त्याचं ताट वाढलेलं असायचं.

दुकान चंद्राबाईचं. दूधही तिचं, भाजीही तिची, दाणेही तिचे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची गोष्ट. सुकन्या टोमॅटो घ्यायला आली. "कसं दिलं, आत्या?"

"बारा रुपयं," चंद्राबाई म्हणाली.

आठ म्हणायचं होतं, तोंडातून बारा निघालं. आपण असं का बोललो ते तिचं तिलाच कळेना. सुकन्येनं क्षणभर तिच्याकडं पाहिलं, मग मान खाली घालून दाणे मोजले. ते बारा दाणे ओंजळीत घेताना चंद्राबाईनं सुनेकडं पाहायचं टाळलं. पण एकदा वाट मोकळी झाली तसं मग दूध तेराचं सतरा झालं. तेल चढलं, डाळ चढली. रोज पहाटे ती ठरवायची की आज खरा भाव सांगायचा. तेवढ्यात सृष्टी आंघोळ करून, ओल्या केसांनी धावत येऊन तिच्या गुडघ्यांना मिठी मारायची, की भाव आपोआप चढायचा.

खोलीत काटकसर सुरू झाली. टोमॅटो बंद झाले, आमटी पातळ झाली. सुकन्या कोरा चहा पिऊ लागली. आबाजी म्हणालासुद्धा, "भोसरीतलं जेवान बिघडायला लागलंय." महिना निम्म्यावरून थोडा पुढं सरकला असेल-नसेल, सुकन्येच्या डब्यात तळाचे चार-दोन चिंचोके राहिले.

त्या संध्याकाळी चंद्राबाई म्हशीखाली बसली होती. मागून बारीक आवाज आला.

"आज्जी, दूध दे."

सृष्टी उभी होती. तिनं मूठ पुढं केली आणि उघडली. मातीनं माखलेले, नदीकडच्या चिंचेखालून वेचून आणलेले पाच-सहा चिंचोके. एकाला अजून गर चिकटलेला.

"मला पैसं मिळालं," ती म्हणाली. "हे घे, आन आईला पन दे."

चंद्राबाईच्या हातातला चरवीचा काठ सुटला. चरवी कलंडली, थोडं दूध सांडलं. तिनं पोरीला ओढून मांडीवर घेतलं. "आज्जीला पैसं द्यायचं नसत्यात गं माझ्या बाये."

"भोसरीत द्याचं असत्यात," सृष्टीनं तिला समजावून सांगितलं.

चंद्राबाईनं फेसाळ दुधाचा पेला तिच्या तोंडाला लावला. पोर दोन्ही हातांनी पेला धरून घटाघटा पीत होती आणि हिच्या डोळ्यांतलं पाणी पोरीच्या केसांत पडत होतं. दुसरा पेला भरून ती खोलीपाशी गेली, उंबऱ्यावर ठेवला आणि माघारी आली.

सकाळी वांग्याच्या वाफ्यात ती आबाजीला म्हणाली, "अवो, मला भोसरी बघायची हाय."

आबाजीनं खुरपं थांबवलं. "आता? खुरपन पडलंय की."

"पडू द्या."

त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि खुरपं वाफ्याच्या कडेला ठेवलं.

शेळ्या-म्हैस सुकन्येच्या हवाली करून दोघं निघाली. बारामतीला गाडी बदलली, पुण्यात उतरून पुन्हा दुसरी गाडी. विचारत विचारत, दुपार टळता खोली सापडली. अविराज कामावर होता. गावचाच जोतीराम त्याच खोलीत राहायचा, त्यानं दार उघडलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला खिळे आणि खिळ्यांना सहा माणसांचे कपडे. कोपऱ्यात एक स्टोव्ह. भिंतीच्या कडेला सहा वळकट्या एकावर एक. चंद्राबाईनं त्यातली पोराची गोधडी ओळखली, कारण ती तिनंच शिवली होती.

ती बसली नाही. पिशवी घेऊन बाजारात गेली, आबाजी मागं. गाड्यागाड्यावर थांबून भाव विचारला. दूध अविराज म्हणाला तेवढंच होतं. तेल, डाळ तेवढीच. जुन्नरकडची एक बाई रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून बसली होती. तिच्याकडं टोमॅटो सात रुपये.

"अंधार पडताना या, मावशी," ती बाई म्हणाली. "तेव्हा ढीग लावते. पाचाला देऊन टाकते. परत कुठं वाहून न्यायचं?"

"आन कोथमीर?"

"कोथिंबीर रुपयाला. पण तुम्ही एवढं घेताय तर न्या अशीच."

चंद्राबाईनं ती चार काड्यांची जुडी पिशवीत न टाकता हातातच धरून आणली.

अविराज कामावरून आला तेव्हा खोलीत पिठल्याचा वास सुटला होता. दारातच तो थबकला. "आई? समदी बरी हायेत ना घरी?"

"बरी हायेत. हातपाय धू, जेव."

तो जेवला. तिसरी भाकरी घेतली. मग ताटाकडं पाहत म्हणाला, "सृष्टी काय बोलती आता?"

"लई बोलती. परवा शेळीला म्हनली, गप बस गं भवाने."

तो हसला. जरा वेळानं म्हणाला, "काय म्हनली शेळीला?"

चंद्राबाईनं पुन्हा सांगितलं. तो हात धुवून आला आणि दाराला टेकून बसला. "भवाने म्हनली व्हय?" त्यानं तिसऱ्यांदा विचारलं, आणि चंद्राबाईनं तिसऱ्यांदा, पोरीच्या आवाजाची नक्कल करून, पहिल्यापासून सांगितलं. खोलीतली बाकीची पोरंही हसली. अविराज हसताना तोंड दुसरीकडं वळवून बसला होता.

घरी परतल्यावर चंद्राबाईनं लुगड्यावरची धूळ न झटकताच सुकन्येला हाक मारली. सून बाहेर आली.

"सुकन्ये, मी तुला खोटा भाव लावला. टमाटं बारा न्हायती. दूध सतरा न्हाय. समदं खोटं."

"मला ठावं हाय, आत्या."

"ठावं हाय?"

"ह्यांनी भाव सांगितलं तवा मी आतनं ऐकत व्हते की."

"मग भांडली का न्हाईस? मुकाट मोजून का दिलंस?"

सुकन्या पदराचं टोक पिळत राहिली. "पैल्यांदा राग आला. मग वाटलं, आत्या असं कदी करत न्हाईत. आमी जाऊ ने असं लईच वाटत असंल, म्हनून केलं असंल. मग कसं भांडायचं?"

चंद्राबाई पुढं झाली. तिनं सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला, तो तिच्या पाठीवर तसाच ठेवला. मागून आबाजी म्हणाला, "च्या मिळंल का? निरवांगीतला चालंल."

पुढचा महिना खऱ्या भावानं झाला. भाजी दिवस मावळताना घ्यायची, ढिगाच्या भावानं. सुकन्या चहात पुन्हा दूध घालू लागली. महिनाअखेरीला डब्यात मूठभर चिंचोके उरले. सुकन्येनं ते तळहातावर घेतले आणि तिचाच चेहरा उतरला. "हे एवढंच. पोर आजारी पडली तर? सनावाराला गावाकडं यायचं तर?"

"बाजरी, डाळ हितनं येईल," चंद्राबाई म्हणाली. "एस.टी.त पोतं टाकलं की झालं. तेवढा खर्च कमीच झाला की. आन पोर आजारी पडली तर मी येईन. मला आता गाडी कळती."

खोलीच्या डिपॉझिटसाठी आबाजीनं शेळ्या विकल्या. कोणी काही बोलायच्या आत, बाजारच्या दिवशी सकाळीच घेऊन गेला आणि मोकळा कासरा खांद्यावर टाकून परत आला. पुढं दिवाळी झाल्यावर अविराज येऊन दोघींना घेऊन गेला. गाडी सुटताना सृष्टी खिडकीतून हात हलवत होती. चंद्राबाईनं हात हलवला नाही, ती नुसती बघत राहिली. नंतर घरी येऊन ती त्या रिकाम्या खोलीत गेली आणि तिनं ती पुन्हा एकदा, कुणी राहायला येणार नव्हतं तरी, नीट सारवून ठेवली.

पहिलं वर्ष ओढाताणीचं गेलं. सुकन्येनं शेजारच्या बायकांबरोबर घरी बसून पिशव्या शिवायचं काम धरलं. अविराज कायम झाला, पगार थोडा वाढला. सृष्टी बालवाडीत जाऊ लागली.

दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, चंद्राबाई आठ दिवसांसाठी भोसरीला गेली होती. शेजारच्या खोलीत बीडकडची एक नवी सून आली होती, अजून हातावरची मेंदी न गेलेली. एका दुपारी ती सुकन्येच्या दारात येऊन रडवेली उभी राहिली. नवऱ्यानं दिलेले पैसे पंधरा तारखेलाच संपले होते.

सुकन्येनं तिला आत बसवलं, पाणी दिलं. "रडू नका हो. मला पण सुरुवातीला जमत नव्हतं," ती म्हणाली. "सकाळची भाजी घ्यायचीच नाही. अंधार पडताना माझ्याबरोबर चला, एक बाई आहे ओळखीची. आणि राकेल संपलं तर संकोच करू नका, माझ्याकडं आहे."

चंद्राबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होती. नाही, आहे, आणि. सुनेच्या तोंडी हे शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकले. मनात कुठंतरी बारीक कळ उठली, आणि त्या कळीतच बरंही वाटलं. पोरगी हितली झाली, तिला वाटलं. आता हिला कुणी फसवणार नाही.

नवी सून डोळे पुसून गेली. सुकन्या वळली, सासूच्या हातातलं सूप घेत तिच्याजवळ फतकल मारून बसली आणि म्हणाली, "आत्या, सरा जरा तिकडं. लई खडं निघत्यात ह्यात, तुमास्नी दिसायचं न्हाईत."

चंद्राबाई सरकली आणि तिनं तिला शेजारी जागा करून दिली.