चिंधी बांधलेलं वांगं

ताईच्या परसातलं एक वांगं मी पिशवीत घातलं आणि अंधेरीच्या बैठकीला नेलं. त्यानंतर तिच्या परसात त्या वाणाचं वांगं पुन्हा झालं नाही.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. भावोजी गेल्यावरही ती गोराईतच राहिली. मी बोरिवलीत, एका कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला. मधे फक्त खाडी आणि बोट, तरी मी महिन्यातून एकदाच जायचो. तिच्याकडे सासूकडून आलेलं वांग्याचं एक वाण होतं. बुटकं, फिकट हिरवं, अंगावर जांभळ्या रेघा. दरवर्षी चांगल्या झाडावरचं एक फळ ती बियाण्यासाठी राखायची. कोणी तोडू नये म्हणून देठाला चिंधी बांधायची. ते पुरतं पिवळं झालं की चिरायची, बी धुऊन राखेत घोळवायची आणि सावलीत वाळवायची.

त्या वर्षी उधाणाचं खारं पाणी परसात शिरलं. होतं नव्हतं ते बी ताईने आधीच पेरलं होतं. त्यातलं एक झाड वाचलं, आणि त्यावरच्या एका फळाला तिने चिंधी बांधली.

त्याच सुमारास सरकारी समितीची एक बैठक ठरली. कीड लागू नये म्हणून जनुकं बदललेल्या वांग्याच्या लागवडीला परवानगी द्यावी का, यावर लोकांचं म्हणणं ऐकायचं होतं. मी त्या विषयावर वाचत आलो होतो. परवानगीआधी चाचण्या कोण करतं, त्यांचे निकाल लोकांना कुठे पाहायला मिळतात, घरोघरची वाणं गेली तर पुढे अन्नाचं काय, असं सहा पानी टिपण मी तयार केलं. पण तेवढ्याने माझं समाधान झालं नाही. हातात धरून काहीतरी दाखवावं असं वाटलं, म्हणून ताईकडे ते चिंधीचं वांगं मागितलं.

"तेच कशाला रे?" ताई म्हणाली. "खायची दोन आहेत बघ झाडावर, त्यातलं ने."

"बियाण्याचंच दाखवायचंय. मुद्दा तोच आहे."

"अजून पिवळं कुठे झालंय?"

"संध्याकाळी परत आणतो. घरात ठेवून पिकव."

"आणि तिकडे साहेबांनी भरीत केलं म्हणजे?" ती हसली आणि स्वतःच कात्रीने देठ कापून दिला.

बैठकीत मला पाच मिनिटं मिळाली. वांगं टेबलावर ठेवून मी बोललो. समितीतल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, "याला कीड किती लागते? फवारणी करता का?" मला सांगता आलं नाही. "ज्यांचं झाड आहे त्यांनाच आणायचं होतंत," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. बाहेर दोघातिघांनी माझ्या टिपणाची प्रत मागितली. त्यांच्याशी बोलत मी जिना उतरलो. गोराईच्या बोटीपाशी पोचल्यावर पिशवीत पाहिलं, तर आत नुसते कागद होते. मी बोटीत न बसता घरी गेलो.

सकाळी परत अंधेरी गाठली. सभागृह झाडून झालं होतं. शिपाई म्हणाला, "काका, चहाचे कप, हार, सगळं एका गोणीत जातं. वांगं कोण बाजूला काढणार?"

दुपारी ताईकडे गेलो.

"बोललास ना नीट?"

"बोललो. नोंद घेतली म्हणाले."

"आणि वांगं?"

मी सांगितलं. बाईंचा प्रश्नही सांगितला. ताईने झाडापाशी जाऊन एक पान उलटून पाहिलं.

"कीड लागते की," ती म्हणाली. "अर्धी टोपली फेकते मी. त्या बाईच्या वांग्याला लागत नसेल तर मला आण दोन रोपं. हेही लावलं असतं, तेही लावलं असतं. मला एकदा विचारायचं तरी होतंस."

मी तिच्या वांग्याबद्दल सहा पानं लिहिली होती आणि तिला काही विचारलं नव्हतं. चाचण्यांविषयी लिहिलेलं मला आजही बरोबर वाटतं. पण ते सांगायला त्या फळाची गरज नव्हती.

राहिलेल्या दोन वांग्यांवर तिने आशा ठेवली. दोन्ही आतून किडली आणि मग झाडही वाळलं. पूर्वी जिला जिला बी दिलं होतं त्या सगळ्या घरी ती गुडघे धरत जाऊन आली. आता सगळ्या जणी बाजारातून तयार रोपं आणत होत्या. एकीने चहा दिला आणि म्हणाली, "वहिनी, तुमच्याकडे असतंच म्हणून आम्ही ठेवलं नाही." पुढच्या वर्षी ताईनेही रोपं विकत आणली. मला तिने कधी बोल लावला नाही. एकदा लावला असता तर मला निदान माफी मागता आली असती.

ताई मागच्या वर्षी गेली.

त्या बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे आहे. त्यात एक वाक्य आहे : एका नागरिकाने स्थानिक वाण दाखवले. वाणाचं नाव तिथे लिहिलेलं नाही. ते मी ताईला कधी विचारलं नव्हतं, शेजारणी त्याला नुसतं वहिनींचं वांगं म्हणायच्या, आणि आता सांगू शकेल असं कोणी उरलेलं नाही.