चिलाटीत अडकले तेव्हा

गेल्या रविवारी सकाळी सालेकसाच्या जंगलात होते. मी गोंदियाला कॉलेजात बॉटनी शिकवते. मुलांना दाखवायला चिलाटीची एक फांदी हवी होती... शेंगांसकट.

सोबत शेवंताबाई होत्या. त्यांच्या गावात आमच्या कॉलेजचं शिबिर झालं, तेव्हापासूनची ओळख. त्या मोहाखाली टोपली घेऊन फुलं वेचू लागल्या, मी पंधरा-वीस पावलांवरच्या जाळीत शिरले.

चिलाटी बाभळीच्याच कुळातली, पण ताठ उभी राहत नाही, शेजारच्या झाडावर चढते. बाभळीचा काटा लांब, सरळ, पानाच्या बुडाशी जोडीने. हिचे काटे बारीक, मांजराच्या नखासारखे मागे वळलेले... आणि अख्ख्या फांदीवर, पानाच्या दांड्याखालीसुद्धा. हे मी वर्गात कितीदा सांगितलंय.

फांदी कापली, वळले, आणि ओढणी अडकली. मग बाही. मग वेणी.

तेवढ्यात नाल्याकडून पाला वाजला. आधी वाटलं गाय असेल... अस्वल होतं. पाठीवर पिल्लू. मोहफुलांच्या वासाने आलेलं.

मी जीव खाऊन हिसका दिला. बाही फाटली, काटे मनगटात रुतले. जितकी ओढत होते तितक्या आणखी फांद्या अंगावर येत होत्या.

शेवंताबाईंना पळता आलं असतं. गावाकडची वाट त्यांच्या मागेच होती. पण टोपली तिथेच सोडून, अस्वलावरची नजर न काढता, त्या उलट्या पावलांनी माझ्याकडे आल्या.

"वढून काऊन रायल्या मॅडम?" अगदी दबक्या आवाजात. "झाडाकडं सरका. आत."

आत? काट्यांत?

त्या थांबल्या नाहीत. खांद्याला धरून मला सरळ जाळीतच ढकललं... आणि काटे सुटायला लागले. वाकडं नख बाहेर ओढलं की रुततं, त्याच्याच दिशेने सरकलं की सैल होतं. साधी गोष्ट. मला त्या क्षणी आठवली नव्हती.

"आता हालू नोका."

अस्वलाने नाक वर करून वास घेतला. आमच्याकडे पाहिलं की नाही, कळलं नाही. मग टोपलीत तोंड घातलं... त्या खाण्याचा आवाज अजून कानात आहे. शेवंताबाईंनी माझा दंड धरून ठेवला होता, आणि ओठांतल्या ओठांत देवाचं नाव घेत होत्या. तोवर मला वाटत होतं, त्यांना भीतीच वाटत नाहीये.

पोट भरल्यावर ते आलं तसं नाल्यात उतरून गेलं.

"तुम्ही पळाल्या का नाहीत?" मी विचारलं.

"मंग तुमाले कोनं सोडवलं असतं?" त्या जरा रागावूनच म्हणाल्या, आणि रिकामी टोपली उचलायला गेल्या.

गाव येईपर्यंत मी त्यांचा हात सोडला नाही. आभार मानायचं सुचलं ते थेट घरी पोचल्यावर... उद्या पुन्हा सालेकसाला जातेय, तेवढ्यासाठीच.